क्रायस्लर टर्बाइन कार

क्रायस्लर टर्बाइन कार ही अमेरिकेतील क्रायस्लर कॉर्पोरेशनने इ.स. १९६३ ते १९६४ या काळात तयार केलेली, गॅस टर्बाइन इंजिनावर चालणारी प्रायोगिक मोटारगाडी होती. या प्रकारच्या एकूण ५५ गाड्या बांधण्यात आल्या. त्यांपैकी ५ आद्यनमुने होते, तर उर्वरित ५० गाड्या सामान्य नागरिकांना दैनंदिन वापरासाठी देण्याच्या हेतूने बनवल्या होत्या. ऑक्टोबर १९६३ ते जानेवारी १९६६ या काळात २०३ चालकांनी या गाड्या प्रत्येकी सुमारे तीन महिने वापरल्या आणि सर्वांनी मिळून १० लाख मैलांहून (सुमारे १६ लाख किलोमीटर) अधिक अंतर कापले.

चाचणी संपल्यानंतर कंपनीने ५५ पैकी ४६ गाड्या नष्ट केल्या. उरलेल्या ९ गाड्या आज संग्रहालये, कंपनीचा स्वतःचा संग्रह आणि खाजगी संग्राहक यांच्याकडे आहेत. प्रायोगिक गाड्या सहसा कारखान्याच्या किंवा चाचणी मैदानाच्या आवारातच राहतात आणि काम संपल्यावर मोडीत काढल्या जातात. क्रायस्लरची टर्बाइन गाडी मात्र दोन वर्षांहून अधिक काळ सार्वजनिक रस्त्यांवर, सामान्य माणसांच्या हाती होती. त्यामुळे मोटारगाड्यांच्या इतिहासात तिचे स्थान वेगळे मानले जाते.

पार्श्वभूमी

दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस विमानांत गॅस टर्बाइन इंजिनांचा वापर सुरू झाला. कमी वजनात अधिक शक्ती देणारे, कंपनरहित आणि थोडेच हलते भाग असलेले हे इंजिन मोटारगाडीतही वापरता येईल का, हा प्रश्न युद्धोत्तर काळात अनेक देशांतील अभियंत्यांसमोर होता. इंग्लंडच्या रोव्हर कंपनीने मार्च १९५० मध्ये ‘जेट १’ ही गॅस टर्बाइनवर चालणारी जगातील पहिली मोटार सादर केली. ती आता लंडनच्या सायन्स म्युझियमच्या संग्रहात आहे. त्यानंतर अमेरिकेत जनरल मोटर्सने ‘फायरबर्ड १’, इटलीत फियाटने ‘टुर्बिना’ आणि फ्रान्समध्ये रेनोने ‘एत्वाल फिलांत’ या टर्बाइन गाड्या तयार केल्या. या सर्व गाड्या प्रदर्शने, विक्रम आणि चाचण्या यांपुरत्याच मर्यादित राहिल्या.

क्रायस्लरने युद्ध संपताच अमेरिकन नौदलासाठी विमानाच्या टर्बोप्रॉप इंजिनावर काम सुरू केले होते. हा प्रकल्प १९४९ मध्ये बंद झाला. मात्र त्यातून मिळालेले ज्ञान कंपनीने मोटारीच्या इंजिनाकडे वळवले. या संशोधनाचे नेतृत्व जॉर्ज ह्यूबनर या अभियंत्याकडे होते. सुरुवातीच्या काळात त्यांच्या गटात असलेले सॅम विल्यम्स यांनी पुढे स्वतःची कंपनी स्थापून लहान आकाराची जेट इंजिने बनवली. क्षेपणास्त्रांसाठी वापरल्या जाणाऱ्या अशा इंजिनांमुळे ती कंपनी प्रसिद्ध झाली.

मोटारीसाठी टर्बाइन बनवण्यात दोन प्रमुख अडचणी होत्या. पहिली अडचण इंधनाची होती. विमानाच्या टर्बाइनमधून बाहेर पडणाऱ्या तप्त वायूंबरोबर बरीच उष्णता वाया जाते. सतत थांबत-सुटत जाणाऱ्या मोटारीला ही उधळपट्टी परवडणारी नव्हती. दुसरी अडचण धातूंची होती. टर्बाइनची पाती अतिशय उच्च तापमानात अखंड फिरत असतात. त्यासाठी विमानांत वापरले जाणारे मिश्रधातू दुर्मीळ आणि महाग होते. त्यामुळे मोठ्या प्रमाणावर उत्पादन करता येईल अशा स्वस्त उष्णतारोधक मिश्रधातूंचा शोध हा क्रायस्लरच्या संशोधनाचा महत्त्वाचा भाग बनला.

इ.स. १९५४ मध्ये कंपनीने प्लिमथ बनावटीच्या गाडीत टर्बाइन बसवून तिचे प्रात्यक्षिक दाखवले. १९५६ मध्ये अशाच एका गाडीने न्यू यॉर्क ते लॉस एंजेलस हा सुमारे ३,००० मैलांचा प्रवास चार दिवसांत पूर्ण केला. डिसेंबर १९६१ मध्ये ‘टर्बो डार्ट’ या डॉज बनावटीच्या गाडीने पुन्हा हाच प्रवास केला. या यशानंतर अभियंत्यांच्या हातून गाडी काढून ती सामान्य चालकांच्या हाती देण्याचा निर्णय कंपनीने घेतला.

इंजिनाची रचना

या गाडीतील ‘ए-८३१’ हे इंजिन क्रायस्लरच्या टर्बाइनांची चौथी पिढी होती. नेहमीच्या इंजिनात सिलिंडरमधील दट्ट्या वर-खाली होतो आणि त्या हालचालीचे रूपांतर दंडाच्या फिरण्यात करावे लागते. टर्बाइनमध्ये सर्व मुख्य भाग मुळातच फिरते असतात. संपीडक बाहेरील हवा खेचून ती दाबतो. या दाबलेल्या हवेत ज्वलनकक्षामध्ये इंधन फवारले जाते व ते अखंड जळत राहते. तेथून वेगाने निघालेले तप्त वायू एकापाठोपाठ एक अशा दोन टर्बाइन चक्रांवर आदळतात. पहिले चक्र संपीडकाला फिरवते, तर दुसरे चक्र गाडीच्या चाकांना शक्ती पुरवते. ही दोन चक्रे एकमेकांना यांत्रिकरीत्या जोडलेली नसतात. त्यांच्यामधील दुवा केवळ वायूचा असतो. त्यामुळे गाडी जागेवर उभी असली, तरी पहिले चक्र फिरत राहते आणि इंजिन बंद पडत नाही.

या रचनेमुळे नेहमीच्या स्वयंचलित गिअरबॉक्समध्ये आवश्यक असणारा टॉर्क कन्व्हर्टर गाळता आला. क्रायस्लरच्या तीन गतींच्या ‘टॉर्कफ्लाइट’ या स्वयंचलित गिअरबॉक्समध्ये त्यासाठी बदल करण्यात आले. शक्ती देणाऱ्या चक्राची गती मिनिटाला ४५,००० फेऱ्यांच्या पुढे जाऊ शकत असे. दातेरी चाकांच्या साहाय्याने ती सुमारे एकदशांशावर आणून मग चाकांकडे पाठवली जाई. गाडी उभी असतानाही पहिल्या चक्राची गती मिनिटाला सुमारे १८,००० ते २२,००० फेरे इतकी असे.

वाया जाणारी उष्णता परत मिळवण्यासाठी इंजिनाच्या दोन्ही बाजूंना ‘रिजनरेटर’ नावाची एकेक सच्छिद्र चकती बसवली होती. संथ गतीने फिरणारी ही चकती बाहेर जाणाऱ्या तप्त वायूंतील उष्णता शोषून घेई आणि फिरून पुढे आल्यावर तीच उष्णता आत येणाऱ्या दाबलेल्या हवेला देई. यामुळे इंधनाची बचत होत असे. शिवाय गाडीच्या मागून बाहेर पडणारे वायूही पुष्कळ थंड झालेले असत. गाडीमागे उभ्या असलेल्या पादचाऱ्यांना किंवा वाहनांना या वायूंपासून धोका नाही, हे लोकांना पटवणे कंपनीला आवश्यक होते. टर्बाइन म्हटले की जेट विमानाच्या मागून निघणाऱ्या ज्वाळाच लोकांच्या डोळ्यांसमोर येत.

हे इंजिन १३० अश्वशक्ती निर्माण करत असे. आकडा मध्यम वाटला, तरी गाडी सुटण्याच्या क्षणी मिळणारे परिवलन बल ४२५ फूट-पाउंड, म्हणजे सुमारे ५७६ न्यूटन-मीटर इतके होते. इंजिनाचे वजन सुमारे १८६ किलोग्रॅम होते. त्यात नेहमीच्या इंजिनाच्या तुलनेत सुमारे एकपंचमांश इतकेच हलते भाग होते. त्याला रेडिएटर, थंड करणारे पाणी किंवा गोठणविरोधी द्राव यांची गरज नव्हती आणि संपूर्ण इंजिनासाठी एकच स्पार्क प्लग पुरेसा होता. कडाक्याच्या थंडीतही ते सहज सुरू होई आणि सुरू होताच गाडीच्या आतील भागाला ऊब मिळे.

इंधन

ज्वलन अखंड चालत असल्याने हे इंजिन जवळजवळ कोणत्याही ज्वलनशील द्रव इंधनावर चालू शकत असे. डिझेल, रॉकेल, विमानाचे जेट इंधन, शिसेविरहित पेट्रोल आणि वनस्पती तेल ही सर्व इंधने त्यात वापरता येत. इंजिनात कोणताही बदल करावा लागत नसे. मेक्सिकोच्या भेटीत राष्ट्राध्यक्ष आदोल्फो लोपेझ मातेओस यांच्या सूचनेवरून ही गाडी टकिला या मद्यावर चालवून दाखवण्यात आली होती. फ्रान्समध्ये ती अत्तरावर चालवल्याचेही सांगितले जाते.

गंमत अशी, की त्या काळी अमेरिकेतील बहुतेक पंपांवर मिळणारे शिसेयुक्त पेट्रोल या इंजिनासाठी वर्ज्य होते. पेट्रोलमधील शिशाचे थर टर्बाइनच्या पात्यांवर साचून इंजिनाची हानी होत असे. त्यामुळे ‘काहीही भरा’ अशी ख्याती असलेल्या या गाडीच्या चालकाला रोजच्या पंपावरचे सर्वांत सुलभ इंधनच टाळून डिझेल किंवा रॉकेल शोधत जावे लागे.

बाह्यरूप आणि अंतर्भाग

गाडीचे रूप क्रायस्लरचे संकल्पनप्रमुख एलवुड एंगल यांच्या मार्गदर्शनाखाली ठरवण्यात आले. एंगल त्यापूर्वी फोर्ड कंपनीत होते. त्यामुळे या गाडीत आणि त्या काळच्या फोर्ड थंडरबर्डमध्ये समीक्षकांना साम्य आढळले. दोन दारांची, चार आसनांची ही गाडी तांबूस-तपकिरी झाक असलेल्या धातुसदृश रंगात रंगवलेली होती. कंपनीने या रंगाला ‘टर्बाइन ब्राँझ’ असे नाव दिले होते. छतावर काळ्या व्हिनाइलचे आवरण होते. समोरच्या दिव्यांभोवतीची कडी आणि मागच्या दिव्यांची रचना टर्बाइनच्या पात्यांसारखी केली होती.

आतमध्ये चार स्वतंत्र आसने होती. त्यांच्यामधून गाडीच्या लांबीच्या दिशेने जाणारी नळकांड्यासारखी मधली पेटी टर्बाइनची आठवण करून देई. चालकासमोरील तीन मोठ्या तबकड्यांपैकी एक वेगमापक आणि दुसरी फेरेमापक होती. तिसरी तबकडी टर्बाइनमध्ये शिरणाऱ्या वायूंचे तापमान दाखवत असे. सुकाणू, ब्रेक आणि खिडक्या यांना शक्तिसाहाय्य होते.

गाडीचे सांगाडे इटलीतील तुरीन येथील कारोझेरिया घिया या कारखान्यात हाताने बांधले गेले. रंगकाम आणि अंतर्भागाची सजावट पूर्ण करून ते जहाजाने अमेरिकेत आणले जात. डेट्रॉइट येथील क्रायस्लरच्या एका लहान कारखान्यात त्यांना इंजिन, गिअरबॉक्स इत्यादी यांत्रिक भाग बसवले जात. सांगाडे परदेशात बनल्याची ही बाब गाड्यांच्या भवितव्याच्या दृष्टीने पुढे महत्त्वाची ठरली.

नागरिकांमार्फत चाचणी

१४ मे १९६३ रोजी न्यू यॉर्क येथे गाडीचे अनावरण झाले आणि तिच्या सार्वजनिक चाचणीची योजनाही लोकांसमोर आली. गाडी वापरण्यासाठी कंपनीकडे ३०,००० हून अधिक लोकांनी विचारणा केली. त्यांतून निवडलेल्या २०३ चालकांमध्ये १८० पुरुष आणि २३ स्त्रिया होत्या. सर्वांत लहान चालकाचे वय २१ वर्षे, तर सर्वांत मोठ्याचे ७० वर्षे होते. अमेरिकेच्या मुख्य भूमीवरील ४८ राज्यांतील १३३ शहरांत ही चाचणी पार पडली. वेगवेगळे हवामान, रस्ते आणि सवयी यांची कसोटी लागावी, असा या व्याप्तीमागील हेतू होता.

प्रत्येक चालकाला गाडी तीन महिन्यांसाठी विनामूल्य मिळे. त्याने फक्त इंधनाचा खर्च करायचा असे. देखभाल आणि दुरुस्तीची जबाबदारी कंपनीची होती. त्याच्या मोबदल्यात चालकाने आपल्या वापराच्या नोंदी ठेवणे आणि शेवटी सविस्तर मुलाखत देणे अपेक्षित होते. गाडीची मालकी कोणत्याही टप्प्यावर चालकाकडे जात नसे आणि मुदत संपल्यावर ती विकत घेण्याची सोय नव्हती. पहिली गाडी ऑक्टोबर १९६३ च्या अखेरीस शिकागोजवळील एका कुटुंबाकडे सोपवण्यात आली. शेवटची गाडी जानेवारी १९६६ मध्ये परत आली.

याच काळात काही गाड्या प्रदर्शनांसाठी राखून ठेवल्या होत्या. न्यू यॉर्क येथे १९६४-६५ मध्ये भरलेल्या जागतिक प्रदर्शनात प्रेक्षकांना या गाडीतून फेरी मारता येत असे. १९६४ साली प्रदर्शित झालेल्या ‘द लाइव्हली सेट’ या हॉलिवूडच्या चित्रपटातही ही गाडी दिसते.

चालकांचे अनुभव

चालकांनी सर्वाधिक स्तुती केली ती गाडीच्या सुरळीत, कंपनरहित चालण्याची. देखभालीची अल्प गरज आणि थंडीत लगेच सुरू होण्याचा गुण यांचीही नोंद अनेकांनी केली. गाडी जिथे उभी राही तिथे गर्दी जमे. कुतूहलाने विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांना उत्तरे देणे हा या चालकांच्या दिनक्रमाचाच एक भाग झाला होता. गाडीच्या आवाजाबाबत मते विभागली गेली. टर्बाइनच्या उंच स्वरातील सुळसुळाटाचे काहींना अप्रूप वाटले, तर काहींनी त्याची तुलना घरातील व्हॅक्यूम क्लीनरशी केली.

तक्रारींमध्ये पुढील बाबी प्रमुख होत्या :

• वेग घेण्यातील विलंब : अॅक्सिलरेटर दाबल्यानंतर संपीडकाची गती वाढेपर्यंत सुमारे एक ते दीड सेकंद जात असे आणि मगच गाडी उसळी घेई. चौकातून निघताना किंवा पुढच्या वाहनाला मागे टाकताना हा विलंब जाणवत असे.
• इंधनाचा खप : विशेषतः शहरातील थांबत-सुटत होणाऱ्या प्रवासात गाडी अपेक्षेपेक्षा अधिक इंधन घेई. उभ्या गाडीतही टर्बाइन मोठ्या गतीने फिरत असल्याने हा खर्च टळत नसे.
• सुरू करण्याची पद्धत : सवयीने काही चालक इंजिन पुरेशी गती घेण्याआधीच अॅक्सिलरेटर दाबत. त्यामुळे इंजिनात बिघाड होण्याची शक्यता असे.
• उंचावरील प्रदेश : समुद्रसपाटीपासून पुष्कळ उंचीवर, विरळ हवेत, इंजिन सुरू होताना अडचणी येत.
• योग्य इंधनाची उपलब्धता : शिसेयुक्त पेट्रोल वर्ज्य असल्याने लांबच्या प्रवासात पंपांचे नियोजन करावे लागे.

चाचणीच्या ओघात कंपनीने इंजिनात अनेक सुधारणा केल्या. दुरुस्तीअभावी गाडी बंद राहण्याचे प्रमाण सुरुवातीला एकूण वेळेच्या सुमारे ४ टक्के होते. ते शेवटी सुमारे १ टक्क्यापर्यंत खाली आले. सर्वसामान्य माणूस टर्बाइनची गाडी रोज, सुरक्षितपणे चालवू शकतो हे या योजनेतून सिद्ध झाले. मात्र ती नेहमीच्या गाडीच्या किमतीत बनवता येईल का आणि तितक्याच इंधनात चालेल का, या दोन प्रश्नांची उत्तरे अनुकूल आली नाहीत.

गाड्यांचा नाश

चाचणी संपल्यावर सर्व गाड्या डेट्रॉइटला परत मागवण्यात आल्या. संग्रहालयांसाठी आणि स्वतःसाठी ९ गाड्या बाजूला काढून कंपनीने उर्वरित ४६ गाड्या नष्ट केल्या. त्यांतील बहुतेक गाड्या डेट्रॉइट परिसरातील भंगार आवारात जाळून आणि यंत्राखाली चेपून टाकण्यात आल्या. या घटनेची छायाचित्रे उपलब्ध असून या गाडीविषयीच्या बहुतेक लेखनात त्यांचा उल्लेख येतो. हाताने बांधलेले, चालू स्थितीतील सांगाडे अशा रीतीने नष्ट झाल्याबद्दल मोटारींच्या चाहत्यांमध्ये आजही हळहळ व्यक्त होते.

या निर्णयाची अनेक कारणे सांगितली जातात :

• आयात शुल्क : सांगाडे इटलीत बनलेले असल्याने गाड्या अमेरिकेत कायम ठेवायच्या किंवा विकायच्या झाल्यास त्यांच्यावर आयात शुल्क भरावे लागले असते. हे कारण सर्वाधिक प्रसिद्ध आहे.
• देखभालीची जबाबदारी : गाड्या विकल्या असत्या, तर या दुर्मीळ इंजिनांचे सुटे भाग आणि प्रशिक्षित कारागीर वर्षानुवर्षे पुरवण्याचे ओझे कंपनीवर आले असते.
• नावलौकिक : भाग न मिळाल्याने मालकांनी गाडीत नेहमीचे दट्ट्याचे इंजिन बसवले असते किंवा नादुरुस्त टर्बाइन गाड्या रस्त्यांवर व जुन्या गाड्यांच्या बाजारात दिसल्या असत्या. हे कंपनीला नको होते.
• उद्योगातील रूढी : चाचणी संपलेले आद्यनमुने मोडीत काढणे ही वाहन उद्योगातील सर्वसाधारण पद्धत होती आणि आजही आहे.

या मुद्द्यांपैकी शेवटचा मुद्दा अनेकदा दुर्लक्षित राहतो. कंपनीच्या दृष्टीने त्या विक्रीच्या गाड्या नव्हत्याच. ती काम पूर्ण झालेली चाचणी उपकरणे होती. तीन-तीन महिने त्या आपल्या घरासमोर उभ्या केलेल्या कुटुंबांच्या आणि रस्त्यात थांबून त्या पाहणाऱ्या लोकांच्या दृष्टीने मात्र त्या खऱ्याखुऱ्या मोटारी होत्या. या नाशाविषयी अर्धशतकाहून अधिक काळ चाललेल्या वादाच्या मुळाशी हा दृष्टिभेद आहे.

शिल्लक गाड्या

शिल्लक राहिलेल्या ९ गाड्यांची विभागणी साधारणतः पुढीलप्रमाणे आहे :

• पाच गाड्या संग्रहालयांना देण्यात आल्या. त्यांत वॉशिंग्टन येथील स्मिथसोनियन संस्था, डिअरबॉर्न येथील हेन्री फोर्ड संग्रहालय, डेट्रॉइट ऐतिहासिक संग्रहालय, सेंट लुइसजवळील परिवहन संग्रहालय आणि लॉस एंजेलस परगण्याचे निसर्गेतिहास संग्रहालय यांचा समावेश होतो.
• एक गाडी नेवाडा राज्यातील हॅरा यांच्या मोटार संग्रहात गेली. पुढे हस्तांतरित होत ती इंडियाना राज्यातील एका खाजगी संग्राहकाकडे आली. २०२१ मध्ये तिची विक्री झाली आणि ती मिशिगनमधील स्टाल्स या मोटार संग्रहालयात दाखल झाली.
• तीन गाड्या क्रायस्लरने स्वतःकडे ठेवल्या. त्यांपैकी एक नंतर अमेरिकन दूरचित्रवाणी निवेदक आणि मोटार संग्राहक जे लेनो यांनी विकत घेतली.

संग्रहालयांना गाड्या देताना कंपनीने त्यांची इंजिने चालणार नाहीत अशी व्यवस्था केली होती. त्यामुळे बहुतेक गाड्या केवळ पाहण्यापुरत्या उरल्या. सेंट लुइसच्या संग्रहालयातील गाडी मात्र नंतर दुरुस्त करून पुन्हा चालू करण्यात आली. जे लेनो यांची गाडीही चालू स्थितीत असून ती सार्वजनिक रस्त्यांवर चालवली गेली आहे. संग्रहालयातील काचेआडची गाडी तिचे रूप जपते; परंतु तिचा आवाज, वेग घेताना होणारा विलंब आणि कंपनरहित चाल यांचा प्रत्यक्ष अनुभव केवळ या मोजक्या चालू गाड्यांमधूनच मिळतो.

टर्बाइन संशोधनाचा पुढील प्रवास

नागरिकांमार्फत झालेल्या चाचणीनंतरही क्रायस्लरने टर्बाइनवरील काम थांबवले नाही. इंजिनाच्या आणखी काही पिढ्या तयार झाल्या. १९७० साली अमेरिकेत वायुप्रदूषणविषयक कायदा कडक झाला. टर्बाइनमधून कार्बन मोनॉक्साइड आणि न जळलेले हायड्रोकार्बन कमी प्रमाणात बाहेर पडत. पण ज्वलनाच्या उच्च तापमानामुळे नायट्रोजनची ऑक्साइडे अधिक निर्माण होत. नव्या नियमांत बसण्यासाठी ती कमी करणे कठीण ठरले. १९७३ च्या तेलसंकटानंतर इंधनाच्या खपाचा प्रश्नही अधिक तीव्र झाला.

१९७२ पासून केंद्र सरकारच्या पर्यावरण संस्थेच्या साहाय्याने हे संशोधन चालू राहिले. परंतु १९७० च्या दशकाच्या अखेरीस क्रायस्लर दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर आली. सरकारच्या हमीवर मिळालेल्या कर्जाने कंपनी तरली आणि त्यानंतर खर्चकपातीच्या काळात टर्बाइनचा कार्यक्रम गुंडाळण्यात आला. टर्बाइनवर चालणारी प्रवासी मोटार कोणत्याही कंपनीने मोठ्या प्रमाणावर बाजारात आणली नाही.

तत्सम उदाहरणे

कारखान्याबाहेर पडलेल्या प्रायोगिक गाड्यांचे भवितव्य त्यांच्या मालकीवर कसे अवलंबून असते, हे पुढील उदाहरणांवरून दिसते.

सित्रोएन टीपीव्ही : फ्रान्समधील सित्रोएन कंपनीने १९३९ मध्ये स्वस्त गाडीचे सुमारे २५० पूर्वनमुने बांधले होते. महायुद्ध सुरू झाल्यावर ही रचना जर्मनांच्या हाती लागू नये म्हणून बहुतेक गाड्या नष्ट केल्या गेल्या आणि काही लपवण्यात आल्या. लपवलेल्या गाड्यांपैकी तीन गाड्या १९९० च्या दशकात ला फेर्ते-व्हिदाम येथील चाचणी केंद्राच्या आवारात, एका कोठाराच्या माळ्यावर सापडल्या. याच रचनेतून पुढे प्रसिद्ध ‘२सीव्ही’ ही गाडी विकसित झाली होती.

शेव्हरोले कॉर्व्हेट ग्रँड स्पोर्ट : झोरा अर्कस-डन्टोव्ह या अभियंत्याने शर्यतींसाठी अशा १२५ गाड्या बांधण्याची योजना आखली होती. जनरल मोटर्सने शर्यतींतील सहभागावर बंदी घातल्याने १९६३ मध्ये केवळ ५ गाड्या तयार झाल्या. त्या मोडण्याऐवजी खाजगी शर्यतपटूंच्या हाती गेल्या. त्यामुळे पाचही गाड्या आज अस्तित्वात आहेत.

सित्रोएन एम३५ : १९६९ ते १९७१ या काळात सित्रोएनने व्हँकेल पद्धतीचे फिरते इंजिन असलेल्या २६७ गाड्या निवडक ग्राहकांना विकल्या. ही योजना क्रायस्लरच्या योजनेशी मिळतीजुळती होती; फरक एवढाच की ग्राहक गाडीचे मालक होते. चाचणीनंतर कंपनीने गाड्या परत विकत घेऊन बहुतेक मोडीत काढल्या. मात्र काही मालकांनी त्या परत देण्यास नकार दिला आणि त्यामुळे या गाडीचे काही नमुने वाचले.

जनरल मोटर्स ईव्ही१ : १९९६ ते १९९९ या काळात बनलेल्या १,११७ विद्युत मोटारी केवळ भाडेकरारावर देण्यात आल्या होत्या. करार संपल्यावर त्या परत घेऊन बहुतेक चेपून टाकण्यात आल्या. अनेक भाडेकरूंनी गाडी विकत घेण्याची तयारी दाखवूनही कंपनीने ती मान्य केली नाही. सुमारे ४० गाड्या निकामी करून संग्रहालये आणि शिक्षणसंस्थांना देण्यात आल्या. २००६ साली या विषयावर ‘हू किल्ड द इलेक्ट्रिक कार?’ हा माहितीपट प्रदर्शित झाला.

महत्त्व

तांत्रिक दृष्टीने पाहता क्रायस्लरची टर्बाइन गाडी नेहमीच्या मोटारीची जागा घेऊ शकली नाही. तिच्या मर्यादा मुख्यतः इंधनाचा खप, उत्पादनखर्च आणि प्रदूषण यांच्याशी निगडित होत्या आणि पुढील दीड दशकाच्या संशोधनानंतरही त्या पूर्णतः दूर झाल्या नाहीत. मात्र नवे तंत्रज्ञान बाजारात आणण्यापूर्वी ते सामान्य ग्राहकांच्या हाती देऊन त्यांच्या नोंदींवरून त्याचे मूल्यमापन करण्याचा इतका व्यापक प्रयत्न मोटार उद्योगात तोपर्यंत झाला नव्हता.

त्याचबरोबर औद्योगिक वारशाच्या जतनासंबंधीच्या चर्चेतही या गाडीचे उदाहरण दिले जाते. अयशस्वी ठरलेल्या यंत्रांची कागदपत्रे आणि छायाचित्रे सहसा टिकून राहतात; प्रत्यक्ष यंत्र मात्र कोणाच्या तरी ताब्यात राहिले तरच टिकते. कॉर्व्हेट ग्रँड स्पोर्ट आणि एम३५ या गाड्या मालकी कंपनीबाहेर गेल्यामुळे वाचल्या, तर टर्बाइन कार आणि ईव्ही१ यांच्या बाबतीत मालकी शेवटपर्यंत कंपनीकडेच राहिल्याने किती गाड्या वाचवायच्या हे कंपनीनेच ठरवले. टर्बाइन कारच्या बाबतीत तो आकडा ५५ पैकी ९ इतका होता.